डावीकडे वळवायचं नाही

प्यो गिलमानच्या घरातल्या नळांना दोन बाजू होत्या, पण परवानगी एकाच बाजूला होती. दांडी उजवीकडे वळवली की थंड पाणी, डावीकडे वळवली की गरम. कोरियातल्या या जेचॉन गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. गिलमानने मात्र न्हाणीघरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या दोन्ही नळांच्या दांड्या उजवीकडे ओढून त्यांच्यावर निळी चिकटपट्टी मारून ठेवली होती. पट्टी ओली होऊन सुटली की हा पठ्ठ्या लगेच नवी लावायचा. घरातलं दुसरं काहीही तुटो, फाटो, गळो, महिनोन्‌महिने ढुंकून बघायचा नाही. पण या पट्टीच्या बाबतीत त्याच्याइतका तत्पर माणूस शोधून सापडला नसता.

"दांडी डावीकडे असली की डबा पेटतो," तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावायचा. "हात धुवायला चार थेंब पाणी घ्यायचं, आणि तिकडे बॉयलर धडधडायला लागतो. पाणी गरम होईपर्यंत हात धुऊन झालेले. मग तो गॅस कुणाच्या बापाचा?"

त्याची बायको मालजा हे ऐकत भांडी घासायची. थंड पाण्यात. तिची बोटं हिवाळाभर लाल मुळ्यांसारखी सुजलेली असायची, आणि नवरा काय बोलतो याकडे तिने लक्ष देणं केव्हाच सोडलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच तिचं मत.

बॉयलर तसा चांगला होता. दोन वर्षांपूर्वी जावयाने हौसेने बसवून दिलेला, स्वयंपाकघरामागच्या बंद गॅलरीत भिंतीवर टांगलेला पांढरा डबा. जमिनीखालच्या नळ्यांत पाणी फिरवून खोल्या तोच तापवणार आणि नळाचं गरम पाणीही तोच देणार. खोलीत भिंतीवर त्याची बटणं होती. त्यातलं एक बटण घर बंद करून गावाला जाणाऱ्यांसाठी असतं. ते दाबलं की घर गोठणार नाही एवढीच धुगधुगी राहते. गिलमान पहिली थंडी पडली की ते बटण दाबायचा, ते वसंतापर्यंत. घरात दोन जितीजागती माणसं बसलेली, आणि भिंतीवरचा हिरवा दिवा सांगतोय की घरात कुणी नाही! दोघं एकाच विजेच्या चटईवर पाय गोळा करून बसायची. चटईचं तापमान किती ठेवायचं, हेही तोच ठरवायचा.

हा माणूस असा जन्मला नव्हता असं म्हणायला मालजाला आवडलं असतं, पण ते खोटं झालं असतं. लग्न ठरलं तेव्हा तो सिमेंटच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचा, आणि निवृत्त झाला तोही गोदामातूनच. कामगार हातमोजे मागायला गेला की गिलमान आधी त्याचे जुने मोजे उलटसुलट करून बघणार, "अजून महिनाभर जातील की," म्हणणार आणि वर दोन शहाणपणाच्या गोष्टी ऐकवून रिकाम्या हाताने परत धाडणार. वस्तू देणं हे गोदामाचं काम आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. तो गेल्यावर नव्या माणसाने फळ्यांवरची खोकी उघडली, तर आत हातमोजे कुजून गेलेले, रबरी पट्टे कडक होऊन तडकलेले. सगळं नवं कोरं आणि सगळं फुकट गेलेलं. दुसरा कुणी असता तर लाजेने मान खाली घातली असती. गिलमान ही गोष्ट अभिमानाने सांगायचा. "बघा, किती शिल्लक ठेवलं होतं मी!"

लोक हसायचे. त्याला वाटायचं, कौतुकाने हसतायत.

मालजाने या सगळ्यात तग धरला तो सार्वजनिक न्हाणीघराच्या जोरावर. बाजारामागे, जुन्या चिमणीखाली ते न्हाणीघर होतं. आठवड्यातून एकदा प्लास्टिकची टोपली काखोटीला मारून ती तिथे जायची, गळ्याएवढ्या गरम पाण्यात बसायची, मग हिरव्या खरखरीत मोज्याने अंग घासून काढायची. शेजारी बसलेल्या बाईची पाठ आपण घासायची, आपली तिने. तिथे ती नवऱ्याविषयी बोलायची, आणि बाया पोट धरधरून हसायच्या. "अगं, तुझा म्हातारा मेल्यावर यमदूतांना म्हणेल, दिवा विझवा आधी, मग निघू!"

सव्वा वर्षापूर्वीच्या शरद ऋतूत ते न्हाणीघर बंद पडलं. मालकीण थकली, तिचा मुलगा सोल शहरात निघून गेला, गिऱ्हाईक घटलेलं. चिमणी तेवढी उरली. मालजाचा उजवा खांदा तेव्हापासून आखडत गेला. डॉक्टर म्हणाला, रोज गरम पाण्याचा शेक घ्या. गिलमान म्हणाला, "डॉक्टरला काय, तो घरचं गॅसचं बिल भरतो का?" किटलीत पाणी तापवून, परातीत ओतून, तांब्याने अंगावर घेणं सुरू झालं. बॉयलर मागच्या गॅलरीत लग्नातल्या न वापरलेल्या पितळी भांड्यासारखा टांगलेला.

हेही तिने सहन केलं असतं. स्वतःसाठी भांडायची सवय तिला नव्हतीच. चौथी मुलगी झाली म्हणून वैतागून आईबापांनी जिचं नावच "आता पुरे" अशा अर्थाचं ठेवलं, ती स्वतःसाठी काय मागणार? पण गेल्या वर्षी नव्या वर्षाच्या सणाला, सल्लालला, वेगळंच झालं. मुलगी सनहा, जावई आणि नात दाओन इंचॉनहून आले होते. दाओन तेव्हा पाच वर्षांची. तिला आजीजवळ झोपायचं होतं. त्यासाठी तिने आपली उशी घरून आणली होती. रात्रीच्या जेवणाआधी सनहाने तिला आंघोळीला नेलं, आणि किटलीतलं पाणी संपलं तेव्हा पोरीच्या डोक्याला अजून साबण होता. पोर कुडकुडत, रडत बाहेर आली. जावयाने सामान उचललं. गाडी सुरू केली आणि त्याच संध्याकाळी ते निघून गेले. उशी मागे राहिली. मालजाने ती कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली, अभ्रा दोनदा धुतला आणि वर्षभर वाट बघितली.

या वर्षी फोनवर सनहाने स्पष्टच सांगितलं.

"आई, दाओन रोज विचारते, आजीकडे झोपायचं म्हणून. पण मी तुला खरं सांगते, पाणी नसेल तर मी नाही राहणार. गेल्या वेळेस आठवडाभर खोकत होती."

"पाणी असेल," मालजा म्हणाली.

"बाबा देतील?"

"देतील. नाही दिलं तर बघते."

फोन ठेवून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "सल्लालच्या दिवशी नळाची पट्टी निघणार. दाओन आंघोळ करणार आणि इथे झोपणार. काय ते आत्ताच बोला."

गिलमानने स्वयंपाकघरातल्या नळाकडे नजर टाकली. पट्टी काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते सहा वर्षांचं होतं. "एकदाच," तो म्हणाला. "आणि नळ मी उघडणार."

मालजाने मनात म्हटलं, नळ उघडायलाही हातात पुन्हा गोदामाची किल्ली पाहिजे मेल्याला. पण मोठ्याने ती "बरं" म्हणाली. काम झालं होतं.

सणाच्या आधीच्या आठवड्यात थंडीची लाट आली. जेचॉनला थंडीचं कौतुक नाही, पण ही जरा जास्तच होती. अशा वेळी नळातून पाण्याची बारीक धार सोडून ठेवायची, म्हणजे नळ्या गोठत नाहीत. टीव्हीवर दर तासाला तेच सांगत होते. गिलमानच्या अंगात लगेच गोदामप्रमुख संचारला. इमारत तीन मजल्यांची, सहा घरांची. कुणी नेमलेलं नसताना हा कानटोपी घालून दारोदार फिरला.

"नळ सोडून ठेवा. पण उजवीकडचा! थंड! डावीकडचा सोडलात तर रात्रभर बॉयलर जळत बसेल. डोकं वापरा जरा."

मालजा मागून म्हणाली, "अहो, टीव्हीवरची बाई गरम बाजू म्हणत होती."

"टीव्हीवाल्यांना गॅस फुकट मिळतो."

"बारीक धारेने बॉयलर पेटतच नाही म्हणे. पाणी जोरात वाहिलं तरच पेटतो. आणि थंडच सोडलं तर बॉयलरकडे जाणारं पाणी जागच्या जागी थांबतं, ते गोठतं."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"त्याच बाईने."

"मग तिच्याकडेच जाऊन राहा."

बरोबर वरच्या मजल्यावर थुई राहायची. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. गिलमानला या इमारतीत सगळेच मूर्ख वाटायचे, पण थुई त्याची लाडकी मूर्ख होती. तिला शिकवताना त्याला विशेष गोडी वाटे.

"ए मुली, ऐक. तुमच्याकडे थंडी नाही, तुला यातलं काही कळायचं नाही. नळ सोडायचा. उजवीकडे. थंड. म्हण बघू."

"उजवीकडे थंड, आजोबा."

"आजोबा काय? कारखान्यात साहेब म्हणायचे मला."

"बरं, साहेब आजोबा."

आतून न्हाणीघरात पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि दारातून वाफेचा उबट वास. गिलमानने नाक मुरडलं. "दिवसाढवळ्या गरम पाणी! नवरा कमावतो आणि ही वाहवते." खाली येऊन त्याने हे मालजाला दोनदा ऐकवलं. मालजाला त्या वाफेचा हेवा वाटला.

सणाच्या आदल्या सकाळी तिने ठरवलं, उद्या पोर आल्यावर फजिती नको, आजच पाणी चालू करून बघावं. नळ मी उघडणार, असं गिलमान म्हणाला होता, म्हणून तिने त्याला बोलावलं. त्याने समारंभाने पट्टी काढली. दांडी इतके दिवस एकाच बाजूला राहून अडकली होती. जोर लावून ती डावीकडे वळवली. नळाने एकदा घसा खाकरला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला.

"उजवीकडे करा," मालजा म्हणाली. उजवीकडे पाणी धो धो आलं. पुन्हा डावीकडे. काही नाही.

"बॉयलर बिघडला," गिलमान म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी नव्हती, विजय होता. "मी जावयाला तेव्हाच सांगितलं होतं, जुना बरा होता."

त्याने बॉयलरच्या कंपनीला फोन लावला. थंडीमुळे अख्खा देश तिथेच फोन करत होता. बऱ्याच वेळाने एका मुलीचा आवाज आला, आणि गिलमानने तिला तोंड उघडू न देता कंपनी, सरकार, आजकालची पोरं आणि चिनी लोखंड या सगळ्यांचा उद्धार केला. तो दम घ्यायला थांबला तेव्हा तिने विचारलं, "साहेब, जमीन तापते का?"

गिलमानने पायाखालच्या जमिनीकडे बघितलं. जमीन तापते की नाही हे त्याला खरंच माहीत नव्हतं. दोन हिवाळे झाले, त्याने कधी तापवूनच बघितली नव्हती.

मालजा उठली आणि तिने भिंतीवरचं बटण दाबलं. मागे डबा धडधडला. थोड्या वेळाने खिडकीजवळच्या जमिनीला तिने तळहात लावला, आणि तो तिला उचलवेना. खालून ऊब येत होती, बाळाच्या पोटाची असावी तशी. ती तिथेच मांडी घालून बसली.

"तापते," ती म्हणाली.

"तापते," गिलमानने फोनमध्ये सांगितलं, आणि हात हलवून बायकोला खुणावलं, झाली ना खात्री, बंद कर आता.

मालजा उठली नाही.

"म्हणजे बॉयलर ठीक आहे," मुलगी म्हणाली. "गरम बाजूला पाणी थंड येतंय, की येतच नाही?"

"येतच नाही."

"मग डब्याखालची पाण्याची नळी गोठली आहे. गरम पाण्यात पिळलेले कपडे तिच्याभोवती गुंडाळा, किंवा हेअर ड्रायरने हळूहळू ऊब द्या. घाई करू नका. उकळतं पाणी ओतू नका, आणि ज्योत तर अजिबात लावू नका. आणि साहेब, एक विचारू? रात्री नळ कुठल्या बाजूने सोडून ठेवला होता?"

गिलमानने फोन बंद केला.

"काय विचारलं तिने?" मालजाने विचारलं, जरी तिने सगळं ऐकलं होतं.

"काही नाही. शिकाऊ पोरगी आहे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुपारपर्यंत कळलं की समोरच्या आणि वरच्या घरांतही, जिथे जिथे हा जाऊन शहाणपण शिकवून आला होता, तिथे तिथे गरम बाजू बंद. शेजारचे म्हातारे चू दारात येऊन म्हणाले, "प्यो, तुझं ऐकलं आणि सणासुदीला कोरडा बसलो." फक्त थुईच्या घरी पाणी वाहत होतं. तिने "बरं, साहेब आजोबा" म्हणून दार लावलं होतं आणि सगळं विसरून गेली होती. पोरीच्या आंघोळीत, कपड्यांत, भांड्यांत तिचा नळ डावीकडेच असायचा. वापरातलं पाणी गोठत नाही, एवढीच त्यातली विद्या.

मालजाने आपला जुना हेअर ड्रायर आणून दिला. गिलमानने पाच मिनिटं तो नळीसमोर धरला आणि वैतागून ठेवून दिला. वीज किती खातो हा! मग त्याला आठवली छोट्या गॅसच्या डब्यावर बसवायची स्वयंपाकघरातली ज्योत, मासळीची कातडी शेकतात ती.

"अहो, ती मुलगी नको म्हणाली होती," मालजा गॅलरीच्या दारातून म्हणाली.

"गोदामात मी अशा शंभर नळ्या सोडवल्यात."

"गोदामात तुम्ही हातमोजेसुद्धा दिले नाहीत कुणाला."

तो ऐकणाऱ्यातला नव्हता. ज्योत लावली. नळीवरचं फोमचं वेष्टण आधी पिवळं पडलं, मग काळं, मग त्याचा असा वास सुटला की मालजाने पदर लावावा तसा एप्रन नाकाला लावला. बर्फ सुटला, हे खरं. पण त्याच्यासोबत बॉयलरच्या तळाशी असलेला प्लास्टिकचा जोडही वितळून सुटला. गिलमानच्या तोंडावर, छातीवर, कानटोपीवर बर्फाच्या पाण्याचा फवारा आला. तो बोंबलत पाण्याची मुख्य झडप बंद करायला धावला, पाणी बॉयलरच्या विजेच्या खटक्यावर उडालं म्हणून खटकाही बंद केला. सगळं शांत झालं तेव्हा घरात गरम पाणी नव्हतं, थंडही नव्हतं आणि जमीनही गार पडत चालली होती. आगीतून फुफाट्यात.

मालजाने कोरडा टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. तो दात वाजवत म्हणाला, "बघितलंस? जोड प्लास्टिकचा! कंपनीची लबाडी सापडली की नाही?"

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती किळस. या माणसाचं चुकणं तिने आयुष्यभर पाहिलं होतं, पण चूक अंगावरून निथळत असताना नाक वर ठेवणारा असा तिने दुसरा पाहिला नव्हता. दुरुस्तीवाला सणानंतरच येणार होता. तिने कपाटातली उशी काढली, जरा वेळ मांडीवर धरली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरचा सण उरकून सनहा आली. मालजाने थुईकडून आणलेल्या पाण्यात तांदळाच्या चकत्यांचं सूप रांधलं होतं. दाओनने वाकून आजीआजोबांना नव्या वर्षाचा नमस्कार केला आणि उठताना दोन्ही तळवे जमिनीवरून पटकन उचलले.

"आजी, तुझी जमीन आजारी आहे?"

जावयाने जमिनीला हात लावला आणि सनहाकडे बघितलं. गिलमानने घसा साफ करून प्लास्टिकच्या जोडाची गोष्ट सुरू केली. जावई "हो बाबा, हो बाबा" करत ऐकत राहिला. बोलणारा सासरा नसता तर तो केव्हाच उठला असता. सनहा आईच्या मागे स्वयंपाकघरात आली. नळ उघडून बघितला. कोरडा.

"आई, तू म्हणाली होतीस…"

"म्हणाले होते."

"आम्ही जेवून निघतो. रागावू नकोस."

मालजा रागावली नाही. कुणावर रागवायचं, आणि किती? तिने मोरीतून आपली जुनी टोपली काढली, न्हाणीघर बंद पडल्यापासून न उघडलेली. हिरवा मोजा, साबण, टॉवेल, सगळं जागच्या जागी होतं. "दाओन, चल. आपण आंघोळ करून येऊ."

"कुठे?"

"वर."

गिलमान उठून उभा राहिला. "वर? त्या पोरीच्या घरी? माझी नात परक्याच्या न्हाणीत न्हाणार? लोक काय म्हणतील?"

"जे तुमच्याविषयी म्हणतात तेच म्हणतील," मालजा म्हणाली. "तुम्ही ऐकलं नाहीत कधी, एवढंच."

थुईने दार सताड उघडलं. तिने लाल टब भरायला लावला आणि आपल्या पोरीलाही त्यात बसवलं. दोन्ही पोरी एकमेकींवर पाणी उडवत किंचाळायला लागल्या. मालजाने दाओनची पाठ घासली, मान घासली, कानामागे घासलं, पोर "दुखतंय!" म्हणून ओरडायची आणि पुन्हा पाठ पुढे करायची. पोरींना पुसून बाहेर काढल्यावर थुईने टब पुन्हा भरला. "आजी, आता तुम्ही."

"नको गं. तुझा गॅस…"

हे शब्द तोंडातून गेले आणि मालजाला स्वतःचीच शिसारी आली. इतकी वर्षं त्याच्यासोबत राहून त्याचा गंज तिलाही चढला होता तर! ती कपडे काढून टबात बसली. पाणी खांद्याच्या वर आलं. आखडलेला खांदा आधी ठणकला, मग हळूहळू सुटला, आणि ती हुंदके देऊन रडली. सुखाने, आणि फुकट गेलेल्या सगळ्या हिवाळ्यांच्या रागाने. थुईने बाहेरून दार वाजवलं. "आजी, पाणी कमी आहे का?"

"नाही गं पोरी," मालजा म्हणाली. "पुरेसं आहे."

खाली आल्यावर दाओनने टोपीखालून ओले केस बाहेर काढत विचारलं, "आता मी आजीकडे झोपू शकते ना? मी धुतलेय." सनहाने तिची टोपी पुन्हा खाली ओढली. खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघत होती. जावई गाडी तापवायला बाहेर गेला.

मालजाने कपाट उघडलं, उशी काढली, पिशवीत घातली. मग त्याच पिशवीत आपले कपडे घातले.

"आई?" सनहा म्हणाली.

"दाओनला माझ्याजवळ झोपायचंय ना? मग माझं अंथरूण तुझ्याकडे घाल."

गिलमानला हे समजायला वेळ लागला. "अगं, आणि माझं जेवण?"

"सूप आहे पातेल्यात. तापवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

"किती दिवस?"

"डावीकडून पाणी येईपर्यंत. दुरुस्तीवाल्याला बोलवा, पैसे द्या आणि पट्टी फेका. त्याआधी मला फोन करू नका."

"सणाच्या दिवशी घर सोडून जातेस?"

"दोन हिवाळे तुमच्या भिंतीवरचा दिवा सांगतोय, घरात कुणी नाही म्हणून. आज एकदा त्याचं खरं करते."

एवढं बोलून ती दाराशी आली आणि बुटांपाशी बसली. एक बूट घातला. मग तिचा हात थबकला. सणाची संध्याकाळ, गार घर, एकटा म्हातारा, आणि पातेल्यातल्या चकत्या फुगून लगदा होत असणार. कितीही झालं तरी नवरा होता. आतून तो "थांब" म्हणाला असता, किंवा "चुकलं" म्हणाला असता, किंवा नुसता दारापर्यंत आला असता, तरी तिने तो बूट काढून ठेवला असता. आणि आयुष्यभर स्वतःला शिव्या घातल्या असत्या, पण काढला असता. तिला स्वतःचा भरवसा नव्हता.

आतून पावलं आली. ती दाराकडे येत नव्हती, न्हाणीघराकडे जात होती. पाण्याचा टिपूस नसलेल्या नळाची दांडी कालपासून डावीकडेच राहिली होती. ती उजवीकडे ओढल्याचा करकर आवाज झाला, आणि मागोमाग गुंडाळीतून चिकटपट्टी सुटल्याचा, लांब आणि चरचरीत.

"आजी, तो कसला आवाज?" दाओनने विचारलं.

"काही नाही. आजोबा कामात आहेत," मालजा म्हणाली आणि तिने दुसरा बूट घातला.